भाजल्याची जखम भरून पुन्हा उघडते, व्रण वर येतो, खाज जात नाही : चूक नेमकी कुठे होतेय?

जखम भरली म्हणून ड्रेसिंग बंद केलं. आठवड्याभरात त्याच जागी पाण्याचा फोड आला. तो फुटला, खपली धरली, खपली पडली आणि परत फोड. शेजारीच, जिथे महिन्यापूर्वी सपाट गुलाबी कातडी होती, तिथे आता लाल, कडक, दोरीसारखं काहीतरी वर आलंय आणि रात्री खाजेनं डोळा लागत नाही.

भाजलेल्या रुग्णांचं ड्रेसिंग करताना ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की समोरचा माणूस पुढे काय विचारणार तेही मला ठाऊक असतं : "दुसरं कुठलं मलम आहे का?" मलम बदलून हा प्रश्न क्वचितच सुटतो. भाजलेली कातडी वरून बंद झाली तरी आतून वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षं घडत असते. तक्रार पुन्हा पुन्हा येते तेव्हा ही घडण कुठल्या टप्प्यावर अडली आहे ते आधी शोधायचं. उपाय त्यावरून ठरतो.

आत्ताच कुणी भाजलं असेल तर

पुढचं नंतर वाचा. भाजलेला भाग नळाच्या थंड वाहत्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं धरा. घड्याळ लावून धरा, कारण दोन मिनिटांत आग कमी होते आणि हात बाहेर काढला जातो. सुरुवातीला जमलं नसेल तरी पहिल्या तीन तासांत केलेल्या गारव्याचा उपयोग होतो. बर्फ नको, त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि इजा वाढते. टूथपेस्ट, लोणी, तेल यांतलं काही लावू नका. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज यायच्या आत काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका, भोवतीनं कापा. लहान मूल असेल तर भाजलेल्या भागावर पाणी आणि बाकीच्या अंगावर पांघरूण, नाहीतर मूल गारठतं. नंतर स्वच्छ प्लास्टिक फिल्म लांबीला ठेवून झाका, गुंडाळून आवळू नका.

चेहरा, हात, पाय, जननेंद्रियं किंवा सांधा भाजला असेल, हातापायाला सगळीकडून गोल भाजलं असेल, विजेचा धक्का किंवा रसायन असेल, धूर छातीत गेला असेल, किंवा जखम मोठी असेल तर थेट दवाखान्यात. रुग्णाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का. या मापानं १० टक्क्यांच्या पुढे गेलं की ते घरी बघण्याचं काम नाही, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर ही हद्द त्याच्या बरीच आधी येते. विजेच्या भाजण्यात वरची जखम बोटाएवढी असू शकते आणि आतले स्नायू जळालेले असू शकतात. तिथे बाहेरून अंदाज बांधूच नका.

पहिला प्रश्न : जखम भरायला किती दिवस लागले?

व्रण वर येणार की नाही हे सांगणारी सगळ्यात भरवशाची खूण हीच आहे. दहा दिवसांत भरलेली जखम सहसा फक्त रंग मागे ठेवते. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १४ ते २१ दिवसांत भरलेल्या जागांपैकी एक तृतीयांश जागी जाड व्रण आला, आणि २१ दिवसांनंतर भरलेल्या जागांपैकी ७८ टक्के ठिकाणी. म्हणून मी प्रत्येकाला तारीख लिहून ठेवायला सांगते : भाजल्याची, आणि जखम पूर्ण बंद झाल्याची. "महिनाभर लागला असेल" असं सांगणाऱ्या माणसाच्या घरात पत्रकं, पावत्या, फोटो चाळले की बरेचदा सहा आठवडे निघतात.

उशीर का होतो? पहिलं कारण खोली. कातडीचा फक्त वरचा थर भाजला तर लाल होतं, दुखतं, फोड येत नाही, आठवड्यात संपतं. त्याखालच्या थराचा वरचा भाग भाजला तर फोड येतो. फोडाखालची जागा ओलसर गुलाबी असते, बोटानं दाबली की पांढरी होते आणि सोडताच झटकन पुन्हा गुलाबी. ही जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. त्याहून खोल गेलं तर जागा चट्ट्याचट्ट्यांची लाल-पांढरी दिसते, दाबून सोडलं तरी रंग परतत नाही किंवा फार हळू परततो, आणि दुखणं कमी असतं. पूर्ण जाडी जळाली तर ती पांढरी, तपकिरी, चामड्यासारखी होते आणि टोचलं तरी कळत नाही.

इथे माणसं फसतात. "दुखत नाही, म्हणजे थोडंच भाजलंय." भाजण्यात हा हिशेब उलटा आहे. दुखत नाही कारण जाणीव करून देणाऱ्या नसाच जळाल्या आहेत.

आणि खोली पहिल्या दिवशी पक्की कळत नाही. जळालेल्या भागाच्या कडेला असा एक पट्टा असतो की ज्याचा रक्तपुरवठा अडखळत असतो, पण तो अजून मेलेला नसतो. दोन-तीन दिवसांत तो वाचतो किंवा मरतो. त्यामुळे तिसऱ्या दिवशी जखम पहिल्या दिवसापेक्षा खोल वाटली तर तुमचं काही चुकलं असं लगेच धरू नका, पण ती पुन्हा दाखवा. खोल जखम "भरेल हळूहळू" म्हणून महिनाभर ठेवण्यापेक्षा वेळेत ग्राफ्ट, म्हणजे दुसऱ्या जागेची कातडी काढून तिथे लावणं, केलेला बरा. स्लोव्हेनियातल्या मारिबोरच्या शल्यचिकित्सक झोरा यांझेकोविच यांनी हे करून दाखवलं आणि १९७० साली मांडलं : मेलेला थर पहिल्या काही दिवसांतच पातळ पातळ तासून काढायचा आणि त्याच बैठकीत कातडी लावायची. तोवर मेलेला थर आपणहून सुटायची वाट बघत रुग्ण आठवडेच्या आठवडे झिजत असत. दोन आठवडे झाले आणि जखम अजून बंद व्हायच्या रस्त्याला लागलेली दिसत नाही, तर भाजण्याचं काम करणाऱ्या सर्जनना दाखवा. तिथे आशेवर थांबू नका.

जखम बंदच होत नाही

खोली बेताची असून जखम रेंगाळत असेल तर मी आधी ड्रेसिंग कसं काढतात ते बघते. एकदा एक बाई घरून आल्या, हातावर कोरडं गॉज. त्यांनी माझ्यासमोर टोक धरून ते सर्रकन ओढलं. आदल्या दोन दिवसांत कडेनं आत सरकलेली मोत्यासारखी पातळ नवी कातडी गॉजबरोबर निघून आली, आणि जाळीच्या प्रत्येक चौकोनाचा एक, असे रक्ताचे बारीक ठिपके रांगेत उभे राहिले. त्या म्हणाल्या, "रोज असंच होतं, रोज थोडं रक्त येतं, मग आम्ही स्वच्छ करून परत बांधतो." पाच आठवडे त्या रोज नवी कातडी उपटत होत्या.

उपाय साधा आहे. जखमेला लागून न चिकटणारी जाळी, म्हणजे पॅराफिनची किंवा सिलिकॉनची, आणि तिच्यावर गॉज. तरीही चिकटलं तर कोमट पाण्यानं पूर्ण भिजवा, दहा मिनिटं थांबा, मग कातडीला समांतर, हळू, कडेकडून मधे सोडवा. आणि जखम वाळवू नका. "हवा लागू दे, खपली धरू दे" हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण जॉर्ज विंटर यांनी १९६२ सालीच डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की ओलसर झाकलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगानं पसरते. खपलीखाली कातडीला वाट खोदत जावं लागतं, ओल्या पृष्ठभागावर ती सरळ सरकते.

दुसरं कारण अति स्वच्छता. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, गडद अँटिसेप्टिक द्रावणं जंतू मारतात तशा नव्या पेशीही मारतात. स्वच्छ कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो. सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम हे तिसरं. मोठ्या, खोल, जंतुसंसर्गाचा धोका असलेल्या जखमांसाठी ते १९६८ पासून वापरात आहे आणि त्यानं जीव वाचले आहेत, पण छोट्या, वरवरच्या, स्वच्छ जखमेवर ते दिवसेंदिवस थापत राहिलं की जखम उलट रेंगाळते. त्याचा जो पिवळट थर जमतो तो पू समजून लोक आणखी मलम लावतात. किती दिवस लावायचं हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

कधी जखमेच्या मधोमध लालभडक, दाणेदार, जरा हात लागला की रक्त येणारं मांस कडेच्या पातळीच्या वर येतं. कडेची कातडी हा डोंगर चढू शकत नाही आणि जखम तिथेच अडते. घरी खरडू नका, डॉक्टर औषधानं ते दोन-चार भेटींत बसवतात. आणि वाढतं दुखणं, पसरत जाणारी लाली, वास, हिरवट स्राव, ताप यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही तेव्हाच विचारून घ्या. रेंगाळणाऱ्या जखमेत रक्तातली साखर आणि धूम्रपान हे दोन प्रश्न मी नेहमी विचारते, आणि दुसऱ्याचं उत्तर खरं द्यावं अशी मनापासून विनंती करते.

भरलेल्या कातडीवर परत परत फोड

याला घाबरून लोक पुन्हा अँटिबायोटिक सुरू करतात. बहुतेकदा कारण जंतू नसतात, घर्षण असतं. कातडीचे दोन थर एकमेकांना बारीक धाग्यांनी शिवलेले असतात. नव्या कातडीत ही शिवण पक्की व्हायला कित्येक महिने लागतात. तोवर जरा घासलं की वरचा थर सुटतो आणि मधे पाणी भरतं.

म्हणून फोड कुठे येतो ते बघा. एका मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला दर आठ-दहा दिवसांनी, अगदी त्याच जागी, हरभऱ्याएवढा फोड यायचा. मलमं तीन बदलून झाली होती. मी त्याची प्रेशरची, म्हणजे व्रण दाबून ठेवणारी घट्ट, बाही उलटी करून खिडकीपाशी धरली. आतल्या शिवणीची गाठ बरोबर तिथेच होती आणि तिच्यावर सुकलेल्या स्रावाचा तपकिरी ठिपका. शिवण बाहेरून घालून घेतली आणि फोड थांबले. चपलेचा पट्टा, स्प्लिंटची (सांधा एका स्थितीत धरून ठेवणाऱ्या पट्टीची) कड, झोपेत गादीवर घासणारी टाच, जोरात चोळून केलेला मसाज : शोध इथे घ्या.

छोटा फोड तसाच ठेवून न चिकटणाऱ्या पट्टीनं झाका. मोठा, ताणलेला असेल तर परिचारिकेकडून स्वच्छ सुईनं पाणी काढून घ्या, वरची कातडी मात्र राहू द्या, तेच त्याचं उत्तम ड्रेसिंग. तेवढ्या जागेचा मसाज आणि व्रणावरचं सिलिकॉन (दोन्हींबद्दल पुढे) ती पुन्हा बंद होईपर्यंत थांबवा. बाकीच्या व्रणाचं थांबवू नका, ही चूक फार होते.

व्रण वर येतो, कडक होतो

जखम बंद झाल्यावर पहिले तीन-चार आठवडे सगळं सपाट असतं आणि घरचे निश्चिंत होतात. मग दुसऱ्या महिन्यात तो वर यायला लागतो, तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात लाल आणि जाड होतो, आणि त्यानंतर हळूहळू बसतो. तो चढत असतो तेव्हा "उपचार लागू पडत नाहीत" असं वाटून सगळं सोडून देणं हे नुकसानीचं मोठं कारण आहे. व्रण चढायच्या काळातच उपचारांची खरी गरज असते.

जखमेच्या हद्दीतच राहणारा व्रण वेगळा आणि हद्द ओलांडून चांगल्या कातडीवर पसरणारा केलॉइड वेगळा. केलॉइड आपणहून बसत नाही आणि नुसता कापून टाकला तर पुन्हा, बरेचदा आधीपेक्षा मोठा, येतो. दर महिन्याला त्याच जागेवरून, त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. कड सरकतेय का ते त्यातूनच कळेल.

सिलिकॉनची शीट किंवा जेल हा घरी करता येण्यासारखा पहिला उपाय. जखम पूर्ण बंद झाल्यावरच, दिवसातले १२ तास तरी, जमल्यास त्याहून जास्त, आणि निदान दोन-तीन महिने. "मी लावलं होतं, काही झालं नाही" म्हणणाऱ्याला किती तास लावलं ते विचारलं की उत्तर बहुधा "रात्री आठवलं तर" असं येतं. शीटखाली पुरळ उठलं तर सहसा अडकलेला घाम असतो. शीट आणि कातडी दोन्ही रोज साबणानं धुवा, पूर्ण कोरडी करा, दोन-चार तासांपासून पुन्हा वाढवत न्या.

मोठ्या व्रणांना मापानं शिवलेले प्रेशर गारमेंट देतात. ते दिवसातले २३ तास घालायचे, आंघोळ आणि मसाजापुरते काढायचे, व्रण फिका आणि मऊ होईपर्यंत, म्हणजे बरेचदा वर्षभर किंवा पुढेही. कापड दोन-तीन महिन्यांत सैल पडतं. सहज, विनासायास चढायला लागलं की त्याचा दाब संपला असं समजा आणि नवं माप द्या. बोटं निळी पडत असतील, मुंग्या येत असतील तर उलट ते जास्त घट्ट आहे. मुलं वाढतात, त्यांचं माप त्याहून लवकर घ्यावं लागतं.

मसाज साध्या, वास नसलेल्या मॉइश्चरायझरनं, दिवसातून तीन-चार वेळा, पाच-दहा मिनिटं. अंगठा व्रणावर टेकवा, तिथला लाल रंग पांढरा पडेल इतका दाब द्या, आणि अंगठा न घसरवता खालची कातडी गोल फिरवा. अंगठा कातडीवरून घसरत असेल तर तो मसाज नाही, ते घासणं आहे, आणि त्यानंच फोड येतात. मॉइश्चरायझर एरवीही लागतंच, कारण खोल भाजलेल्या कातडीतल्या तेलग्रंथी गेलेल्या असतात. व्हिटॅमिन ई फोडून चोळण्याचा सल्ला सगळे देतात. १९९९ साली शस्त्रक्रियेच्या व्रणांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात त्यानं व्रण सुधारले नाहीत आणि एक तृतीयांश जणांना पुरळ उठलं. मी तो कुणाला सुचवत नाही.

एवढं करून सहा महिन्यांनी व्रण जाडच असेल तर पुढचं डॉक्टरांच्या हातात आहे. ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं व्रणाच्या आत, चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं देतात. दुखतात, आणि जास्त झाल्यास कातडी पातळ, फिकी, खळग्याची होऊ शकते हे आधी माहीत असावं. लाली आणि खाजेसाठी पल्स्ड डाय लेझर, जाडी आणि कडकपणासाठी फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर. व्रण नाहीसा यातल्या कशानंही होत नाही. तो मऊ होतो, सपाट होतो, हालचाल मोकळी होते. व्रण नाहीसा करण्याचं वचन कुणी देत असेल तर तिथून उठा.

खाज

खाज ही मनाची कमजोरी नाही. रात्र रात्र रडवणारी खाज मी मोठ्या माणसांत पाहिली आहे. व्रणात हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन जास्त असतं आणि नव्यानं वाढणाऱ्या नसा चुकीचे निरोप पाठवत असतात. म्हणून नुसती ॲलर्जीची गोळी काहींना पुरते आणि काहींना मुळीच पुरत नाही. पुरत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा, नसांच्या खाजेवर गॅबापेंटिनसारखी वेगळी औषधं देतात. घरी : आंघोळ कोमट, लगेच मॉइश्चरायझर, फ्रिजमध्ये गार केलेलं जास्त आराम देतं. खाजवण्याऐवजी तळव्यानं दाबा किंवा थोपटा. मुलांची नखं रोज बघा.

सांधा आखडतो

भाजलेल्या माणसाला जी स्थिती आरामाची वाटते तीच सांधा आखडण्याची स्थिती असते. मान भाजली की उशी हवीशी वाटते, आणि उशीनं हनुवटी छातीकडे ओढली जाते. काख भाजली की हात अंगाला चिकटवून ठेवावासा वाटतो. म्हणून मानेला उशी नाही, हात खांद्यातून बाजूला ९० अंशांत, कोपर आणि गुडघा सरळ, आणि रात्री स्प्लिंट. ताण देताना व्रणाची दोरी पांढरी पडेपर्यंत न्या, तिथे थांबा, दहापर्यंत मोजा. रोज सकाळी कातडी पुन्हा आखूड वाटते, ते बरोबर आहे, ती रात्रभर आकसत असते. पण दर आठवड्याला पोहोच कमी होत चालली असेल, काल लागणारं बटण आज लागत नसेल, तर फिजिओथेरपिस्टकडे लगेच जा. पक्कं आखडल्यावर झेड-प्लास्टी (कातडी झेडच्या आकारात कापून लांबी वाढवणारी शस्त्रक्रिया) किंवा ग्राफ्टनं सोडवतात, आणि त्यानंतरही स्प्लिंट आणि व्यायाम चुकत नाहीत.

रंगाबद्दल एवढंच : नवा व्रण उन्हात काळवंडतो आणि तो डाग वर्षानुवर्षं राहू शकतो. कपड्यानं झाका, उघड्या भागावर एसपीएफ ३० किंवा ५० चं सनस्क्रीन दर दोन तासांनी, निदान वर्षभर.

जुना व्रण, नवी जखम

लहानपणी भाजलेलं, व्रण वीस-तीस वर्षं शांत, आणि आता त्यावर एक छोटी जखम आहे. खपली धरते, पडते, परत ओली होते. कड जाड, उचललेली, कधी वास. "जुनंच आहे" म्हणून हे वर्ष-वर्ष अंगावर काढलं जातं. जुन्या भाजलेल्या व्रणात कातडीचा कर्करोग होऊ शकतो. याला मार्जोलिन अल्सर म्हणतात, १८२८ साली वर्णन करणाऱ्या फ्रेंच सर्जनच्या नावावरून, आणि भाजल्यापासून तो दिसेपर्यंत सरासरी तीसेक वर्षं जातात. जुन्या व्रणावरची जखम सहा आठवड्यांत भरली नाही तर मलम बंद करा, सर्जनकडे जा आणि तिथला तुकडा तपासायला पाठवायला तुम्ही स्वतः सांगा.